तेरा आठवड्यांचं बिऱ्हाड

जुलै २०२४ मध्ये मी ह्यूस्टनच्या हॉस्पिटलमधली पर्मनंट नोकरी सोडली आणि ट्रॅव्हल नर्स झाले. आता वर्ष होत आलंय, तीन गावं झालीत. ‘कसं जमतं गं तुला?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून सगळं एकदा ओळीने लिहून काढतेय. पगार, कागदपत्रं, घर शोधणं हे येईलच. पण त्याहून जास्त मला ऑफच्या दिवसांबद्दल सांगायचंय, कारण त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हॉस्पिटलला काही महिन्यांपुरत्या नर्सेस कमी पडतात. कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, कुठे हिवाळ्यात पेशंट वाढतात. मग एजन्सीमार्फत बाहेरगावची नर्स घेतात. कॉन्ट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन ड्यूट्या, म्हणजे ३६ तास. संपलं की मुदत वाढवून घ्या, नाहीतर सामान उचला. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बरं आहे.” ‘बरं आहे’ कोणत्या सुरात म्हटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मी ईबी-३ व्हिसावर, म्हणजे ग्रीन कार्ड घेऊनच इथे आले. ज्यांनी आपल्याला आणलं त्यांच्या कराराची मुदत आधी पूर्ण करायची, मगच या भानगडीत पडायचं. मधेच सोडलं तर दंड भरावा लागतो. मुदत पूर्ण झाल्यावरही मी त्याच टेलिमेट्री वॉर्डात, म्हणजे पेशंटच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात तिथे, राहिले. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली आणि पाहिलं काय, तर विमानतळ, हॉस्पिटल आणि इंडियन ग्रोसरी. वॉर्डातल्या एक सीनियर मल्याळी नर्स, ज्यांना आम्ही सगळ्या चेची म्हणतो, त्यांनी स्वतः हे काम केलेलं. त्या एकदा ब्रेकमध्ये म्हणाल्या, “लायसन्स बघ तुझं. मल्टिस्टेट असेल तर अर्धं काम झालं.”

इथूनच सुरुवात करा. नर्सेसच्या लायसन्ससाठी काही राज्यांनी आपसात करार केलाय, त्याला नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट म्हणतात. सध्याचा सुधारित करार जानेवारी २०१८ पासून लागू आहे. कॉम्पॅक्टमधल्या राज्यात तुमचं कायमचं घर असेल आणि लायसन्सवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेलं असेल, तर बाकीच्या सदस्य राज्यांत नवीन लायसन्स न काढता काम करता येतं. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. नर्सिस (Nursys) या नर्सेसच्या लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या साइटवर क्विक कन्फर्ममध्ये स्वतःचं नाव टाकून बघा, पैसे पडत नाहीत. माझं मल्टिस्टेट निघालं.

मग आलं कंप्लायन्स, म्हणजे कामावर घेण्याआधीची कागदपत्रं आणि तपासण्या. हा शब्द पुढचं वर्षभर माझी पाठ सोडणार नव्हता. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर काय करायचं त्याची सर्टिफिकेटं), स्ट्रोकचं एनआयएचएसएस, दोन सुपरवायझरांचे रेफरन्स, शारीरिक तपासणी, लघवीची ड्रग टेस्ट, एन-९५ मास्कची फिट टेस्ट, बॅकग्राउंड चेक, आणि कौशल्यांची भलीमोठी चेकलिस्ट, जिच्यात प्रत्येक ओळीपुढे स्वतःला एक ते चार मार्क द्यायचे. सगळ्यात जास्त वेळ लसींनी खाल्ला. लहानपणी मिरजेत कोणत्या सिस्टरांनी कोणतं इंजेक्शन टोचलं त्याचा कागद आणणार कुठून? त्यावर उपाय रक्ताची टायटर तपासणी: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपेटायटिस बी. अँटिबॉडीज दिसल्या की लसीचा पुरावा लागत नाही.

आपल्याकडच्या नर्सेससाठी एक खास सूचना. टीबीसाठी कातडीवरची चाचणी करू नका, क्वांटिफेरॉन मागा. आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रं, खुलासे सुरू होतात. क्वांटिफेरॉन रक्तावर होते, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींचा खर्च एजन्सीने केला; एसीएलएसचं नूतनीकरण आणि एक-दोन टायटर मिळून तीनशेच्या आसपास डॉलर माझ्या खिशातून गेले. पावत्या जपून ठेवा, काही एजन्सी नंतर परत देतात. आणि सगळ्याची एकेक पीडीएफ करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या नावातच मुदत संपल्याची तारीख घाला. पुढची एजन्सी वेगळी निघाली की हीच आरती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची असते.

ऑगस्टच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोतल्या अल्बकर्कीच्या एका हॉस्पिटलमधून मॅनेजरचा फोन आला. मुलाखत जेमतेम पंधरा मिनिटं. त्यांनी थोडं विचारलं, मी जास्त विचारलं, कारण चेचींनी प्रश्न लिहूनच दिले होते. रात्री एका नर्सकडे किती पेशंट? फ्लोट, म्हणजे ऐनवेळी दुसरीकडे पाठवणं, कोणकोणत्या वॉर्डात? पेशंट कमी झाले आणि ड्यूटी रद्द केली तर त्या तासांचे पैसे मिळतात का? ड्यूट्या सलग लावाल का? आणि रजेच्या तारखा. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. सही करण्याआधी मागितलेल्या तारखा कॉन्ट्रॅक्टमध्ये छापून येतात. सहीनंतर मागितल्या तर तुम्ही वॉर्डातल्या सगळ्यांच्या मागे रांगेत उभ्या. मी ५ ते ७ ऑक्टोबर मागितले. का ते पुढे सांगते.

पैशांचं गणित असं. आठवड्याला २,१५० डॉलर ठरले. त्यातले २४ डॉलर तासाप्रमाणे ३६ तासांचे ८६४ हा करपात्र पगार. उरलेले १,२८६ राहण्या-जेवणाचा भत्ता, त्यावर कर नाही. वाचायला गोड वाटतं, पण हा भत्ता करमुक्त राहायचा तर तुमचं कायमचं घर, ज्याला टॅक्स होम म्हणतात, ते खरोखर असावं लागतं आणि दोन्हीकडचा खर्च तुम्ही खरोखर करत असावं लागतं. ह्यूस्टनमध्ये मी दोघींबरोबर घर भाड्याने घेतलंय. माझ्या वाट्याचे ६५० डॉलर मी कुठेही असले तरी दर महिन्याला जातात. खोली सोडून देऊन मैत्रिणीचा पत्ता कागदावर लावणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, विचारलं तर दाखवायला त्यांच्याकडे काही नाही. शिवाय एकाच भागात वर्षापेक्षा जास्त काम करायचं ठरलं की ते तात्पुरतं धरत नाहीत. ‘पन्नास मैल लांब असलं की झालं’ असं जे ऐकू येतं तो आयआरएसचा नियम नाही. आणखी एक गोष्ट: करपात्र भाग कमी म्हणजे सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनीत, जमाही कमी. ओव्हरटाइमचा दर काय धरणार, तेही आधीच विचारून घ्या.

घर शोधताना एका जाहिरातीतल्या माणसाने घर न दाखवता पूर्ण महिन्याचं भाडं वायर करायला सांगितलं. मी व्हिडिओ कॉलवर दार उघडून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवा म्हटल्यावर गडी गायब. तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा: व्हिडिओ कॉल, आणि काउंटी असेसरच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टी खात्याच्या, साइटवर तो पत्ता टाकून मालकाचं नाव जुळतंय का ते बघणं. बऱ्याच काउंट्यांत हे घरबसल्या फुकट कळतं. शेवटी फर्निश्ड फाइंडर या भाड्याच्या घरांच्या साइटवर एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या परसातलं छोटं घर मिळालं, तिकडे त्याला कसीता म्हणतात. महिना १,३५० डॉलर, डिपॉझिट ५००.

सामानाचा नियम एकच ठेवला: गाडीची मागची काच दिसली पाहिजे. कुकर, मिसळणाचा डबा, दोन चादरी, स्क्रब्ज (ड्यूटीचे कपडे), शूज, आणि खिडक्यांना लावायला ॲल्युमिनियम फॉइल. नाइट करणाऱ्यांना हे पटेल. पडदे कितीही जाड असले तरी दुपारी दोनचं ऊन कुठून तरी आत शिरतंच. फॉइल आणि निळी पेंटर्स टेप यापुढे सगळं फिकं. ही टेप निघताना भिंतीचा रंग उपटत नाही, डिपॉझिट वाचतं. ‘आधी उघडायची’ अशी एक पेटी वेगळी केली: स्टेथोस्कोप, कागदपत्रं, एक स्क्रब, चहाचं सामान, पोह्यांची पिशवी.

ह्यूस्टन ते अल्बकर्की जवळजवळ ९०० मैल. मी अमॅरिलोला रात्री थांबून दोन दिवसांत केले. निघण्याआधी कारच्या विमा कंपनीला गाडी पुढचे तीन महिने कुठे उभी राहणार ते कळवलं. ग्रीन कार्ड मूळचं जवळ ठेवा, झेरॉक्स नको. कायद्यानेच ते जवळ बाळगावं लागतं, आणि मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या रस्त्यांवर बॉर्डर पॅट्रोलच्या चौक्या लागतात.

सोमवार, २६ ऑगस्टला ओरिएंटेशन. दोन दिवस कॉम्प्युटर, बॅज, औषधाच्या मशीनचा पासवर्ड. एक रात्र दुसऱ्या नर्सबरोबर. आणि दुसऱ्या रात्रीपासून पाच पेशंट माझ्या एकटीच्या नावावर. इमर्जन्सीची गाडी (क्रॅश कार्ट) कुठे, ब्लड बँकेला फोन कसा लावायचा, कोणता डॉक्टर रात्री तीनला उठवल्यावर चिडतो, काहीच माहीत नाही. पहिले दोन आठवडे मी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची. फ्लोट करायची वेळ आली की पहिलं नाव ट्रॅव्हलरचं, हे गृहीतच धरा. वाईट वाटून घेऊ नका, वॉर्डातल्या कायमच्या मुलींना तेवढा तरी आराम मिळतो आणि त्या तुम्हाला जीव लावतात. त्यात हे शहर समुद्रसपाटीपासून ५,३०० फुटांवर. जिना चढताना धाप लागायची, हवेच्या कोरडेपणाने नाकातून रक्त यायचं. पाण्याची बाटली आणि नाकाला लावायला मलम, बस्स.

ऑफचे दिवस सुरुवातीला झोपेत गेले. मग तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे वॉर्डातली नर्सिंग असिस्टंट, पक्की तिथली बाई, मला म्हणाली, “अजून मिरचीचा वास घेतला नाहीस? मग तू इथे आलीच नाहीस.” तिने पत्ता दिला. ड्यूटी संपवून तशीच स्क्रबमध्ये गेले. रस्त्याकडेला तारेच्या जाळीचं मोठं पिंप, खाली गॅसची भसाभसा ज्योत, आणि एक पोरगा ते पिंप फिरवतोय. आत पोतंभर हिरव्या मिरच्या तडतडताहेत, सालीचे काळे पापुद्रे हवेत उडताहेत. शेजारी रांगेत उभे असलेले लोक खोकत होते, डोळे पुसत होते आणि हसत होते. मी एक पिशवी घेतली, घरी येऊन लसूण, मीठ, दाण्याचं कूट घालून ठेचा केला. त्यांची मिरची आपल्या लवंगीसारखी नाही, मांसल आणि मवाळ; दोन मिरच्यांत जेवण होणाऱ्या आमच्या सांगलीच्या माणसाला तिथे सहा लागतील. घरमालकीणबाईंना वाटीभर दिला तर त्यांनी तो ऑम्लेटवर घालून खाल्ला. बाईंशी ओळख झाली ती त्या वाटीमुळे.

तेव्हापासून मी ठरवलं की कुठे जायचं ते इंटरनेटला विचारायचं नाही. असिस्टंट, हाऊसकीपिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले यांना विचारायचं. ही माणसं तिथेच जन्मलेली असतात, आणि त्यांना स्वस्त आणि जवळचं ठाऊक असतं.

आणि फ्रिजवर तेरा आठवड्यांचं कॅलेंडर लावलं. रविवार, सोमवार, मंगळवार सलग रात्री; बुधवारी दुपारपर्यंत झोप; पुढचे दिवस मोकळे. माझं आता ठाम मत झालंय की फिरणं तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात उरकून घ्यायचं. सगळेच म्हणतात, ‘शेवटी बघू निवांत’. शेवट निवांत नसतोच. नवव्या आठवड्यापासून रिक्रूटरचे, म्हणजे एजन्सीतल्या माणसाचे, फोन सुरू होतात: मुदतवाढ हवी की पुढचं गाव? पुढचं गाव म्हटलं की पुन्हा मुलाखती, पुन्हा कागद, पुन्हा घरशोध, आणि हे सगळं नाइट करून.

ऑक्टोबरमधल्या तारखा मागितल्या त्या बलून फिएस्टासाठी, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवासाठी. त्या वर्षी तो ५ ते १३ ऑक्टोबर होता. नाइटवाल्यांची पंचाईत अशी की ड्यूटी सुटते सकाळी साडेसातला आणि शेकडो फुगे एकदम आकाशात जातात ते सातच्या सुमारास. रजा छापून घेतली नसती तर मी ते वॉर्डाच्या खिडकीतून पाहिलं असतं. पहाटे चारला पार्क अँड राइडच्या बसमध्ये, अंगावर दोन स्वेटर. तिथली गंमत म्हणजे आपण मैदानातच उभे असतो. फुगा शेजारी आडवा पडलेला असतो, पंख्याने हवा भरतात, मग बर्नरची आग, आणि तो पाच-सहा मजली कपडा आपल्या डोक्यावर उभा राहतो. बऱ्याचदा खालचं वारं फुग्यांना दक्षिणेला नेतं, वरचं वारं उत्तरेला परत आणतं. पायलट नुसता वर-खाली होऊन निघाला त्याच्या जवळपास उतरू शकतो. याला तिकडे ‘अल्बकर्की बॉक्स’ म्हणतात. चेसक्रूतल्या, म्हणजे फुग्यामागे जमिनीवरून गाडी घेऊन जाणाऱ्या टोळीतल्या, एका आजोबांनी मला दोरी धरायला लावली आणि हे सगळं समजावलं. एकटीने एवढ्या गर्दीत काय करायचं, ही धास्ती तिथे कुठल्या कुठे गेली.

व्हाइट सँड्सलाही गेले, साडेतीन तासांवर. जिप्समची पांढरी वाळू भर दुपारीही पायाला भाजत नाही. जाण्याआधी पार्कची साइट बघा, शेजारी क्षेपणास्त्रांचा तळ आहे, चाचणी असली की रस्ता काही वेळ बंद ठेवतात. नॅशनल पार्कचा वार्षिक पास मी ८० डॉलरला काढला. एका व्हाइट सँड्सच्या गाडीचेच २५ लागतात, म्हणजे चौथ्या पार्कला पैसे वसूल. एकटीने बाहेर पडताना ह्यूस्टनच्या मैत्रिणीला लोकेशन आणि परतायची वेळ कळवायची, एवढं पथ्य पाळलं. हॉटेलात एकटीने बसून जेवायची मात्र सवय व्हायला वेळ लागला. सुरुवातीला मी फोन कानाला लावून बसायची, पलीकडे कुणी नसताना.

सप्टेंबरमध्येच कॅलिफोर्नियाचा अर्जही घालून ठेवला होता. तिथलं लायसन्स वेगळं, आणि शिक्षण भारतात झालेलं असलं की नर्सिंग कॉलेजने ट्रान्सक्रिप्ट आणि थिअरी-प्रॅक्टिकलच्या तासांचा तक्ता थेट बोर्डाकडे पाठवावा लागतो. आपल्या हातून गेलेला चालत नाही. भावाने सुट्टी काढून कॉलेजात खेटे घातले. क्लार्क रजेवर, प्राचार्य दौऱ्यावर, शिक्का आहे पण पाकिटावर सही नाही. दिवाळीच्या सुट्ट्या मधे आल्या. त्यात बोटांचे ठसे: लाइव्ह स्कॅन, म्हणजे मशीनवरचे ठसे, फक्त कॅलिफोर्नियातच होतं, बाहेरच्यांनी शाईचे ठसे कार्डावर घेऊन पाठवायचे. बारा वर्षं सॅनिटायझर लावलेल्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत, हे पोलीस चौकीतल्या माणसाने मला हसत सांगितलं. हात धुऊन, लोशन न लावता जा म्हणे. उलट आहे, आदल्या रात्री भरपूर लोशन लावा आणि जायच्या आधी फक्त पाण्याने धुवा. वॉर्डातल्या एकीने सांगितलं आणि तेच लागू पडलं. टेक्सासच्या लायसन्सची पडताळणी नर्सिसवरून ३० डॉलरला होते, तेवढं एक काम मिनिटांत झालं.

दिवाळी ड्यूटीवर गेली. नोव्हेंबरमध्ये पेशंट घटले आणि माझ्या दोन रात्री रद्द झाल्या. पैसे मिळाले, कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये तासांची हमी लिहिलेली होती. त्यातल्या एका मोकळ्या पहाटे मी दक्षिणेला बोस्के देल अपाचेच्या अभयारण्यात गेले. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले सँडहिल क्रेन, आपल्या क्रौंचांच्या कुळातले, रात्रभर उथळ पाण्यात एका पायावर उभे असतात. उजाडताना एक मान वर करतो, मग दुसरा. पुढे झुकून थोडं थांबतात आणि घोळक्याने उडतात. थंडीने माझी बोटं आखडली होती, थर्मासचं झाकण उघडेना.

त्यांनी मुदत वाढवायची का विचारलं. हॉस्पिटल चांगलं होतं, तरी मी नाही म्हटलं. नोव्हेंबरअखेर दोन आठवडे ह्यूस्टनला, स्वतःच्या खोलीत. हे मधले दिवस म्हणजे विम्याची खिंड असते: माझा एजन्सीचा विमा कॉन्ट्रॅक्ट संपलं की संपतो. कोब्राचा, म्हणजे स्वतः पैसे भरून तोच विमा चालू ठेवायचा, पर्याय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि नंतर घेतला तरी तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून मी पैसे न भरता कागद तेवढे जवळ ठेवले, काही झालं असतं तर भरले असते. पोस्टासाठी इन्फॉर्म्ड डिलिव्हरी लावून घ्या, आलेल्या पाकिटांचे फोटो मेलवर येतात.

९ डिसेंबरला टुसॉन. हिवाळ्यात थंड राज्यांतले म्हातारे लोक ॲरिझोनाला येऊन राहतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. त्यांच्यामुळेच हॉस्पिटलं भरतात, आपल्याला काम मिळतं आणि त्यांच्यामुळेच भाडी चढतात. तसल्याच एका छोट्या घराला १,७०० मोजले, आणि पगार मात्र जवळपास अल्बकर्कीएवढाच. हिवाळ्यात दक्षिणेला जायचं असेल तर घर आधी बघा, मग कॉन्ट्रॅक्टला हो म्हणा.

टुसॉनला मी पहिल्या आठवड्यापासूनच बाहेर पडले. सग्वारो नॅशनल पार्क शहराच्या दोन बाजूंना दोन तुकड्यांत आहे. मी पश्चिमेकडच्या भागाजवळ राहायची, म्हणून संध्याकाळी ड्यूटीआधी तासभर चक्कर व्हायची. त्या निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. माउंट लेमनचा घाट तर वेडा आहे: खाली निवडुंग, तासाभरात वर पाइन आणि बर्फ. ९,००० फुटांच्या वर, तेव्हा गाडीत कोट असू द्या. संक्रांतीला वॉर्डात तिळाच्या वड्या नेल्या. ‘गोड बोला’ हे रात्रीच्या चार्ज नर्सला फारच आवडलं, ती नंतर ज्याला त्याला बजावायची.

फेब्रुवारीच्या शेवटी कॅलिफोर्नियाचं लायसन्स आलं. सप्टेंबर ते फेब्रुवारी, हिशेब करा. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या आधीच अर्ज टाकावा. मधल्या काळात करांचंही उरकलं: टेक्सासला राज्याचा आयकर नाही, पण जिथे काम केलं तिथे अनिवासी म्हणून रिटर्न भरावं लागतं. त्यामुळे न्यू मेक्सिको एक, आणि डिसेंबरमधल्या थोड्याशा ड्यूट्यांसाठी ॲरिझोना दुसरं. ट्रॅव्हलर्सचं काम करणाऱ्या सीपीएने (इथला सीए) ४२५ डॉलर घेतले. नेहमीच्या माणसाकडे गेले असते तर कमी लागले असते, पण त्याला टॅक्स होम समजावत बसावं लागलं असतं.

३१ मार्चला सॅक्रमेंटो. इथे कायद्यानेच टेलिमेट्रीत एका नर्सला जास्तीत जास्त चार पेशंट. पहिल्या रात्री मी दोनदा असाइनमेंट शीट बघितली, पाचवा कुठे राहिला म्हणून. जेवायला पूर्ण अर्धा तास मिळतो आणि तेवढ्यात आपले पेशंट दुसरी नर्स सांभाळते. मी जुनी सायकल घेतली, अमेरिकन नदीच्या काठाने बत्तीस मैलांची सायकलवाट आहे, तिच्यावर ऑफचे कितीतरी दिवस काढले आणि आता निघायच्या आधी ती सायकल वॉर्डातल्याच एकीला विकली. घेतलेली वस्तू विकता आली पाहिजे किंवा वाटून टाकता आली पाहिजे, नाहीतर मागची काच झाकली जाते.

२८ जूनला हे कॉन्ट्रॅक्ट संपतंय. जुलैभर मिरजेला. पर्मनंट नोकरीत इतकी सलग रजा कधी मागता आली नसती. जाण्याआधी क्वांटिफेरॉन आणि फिट टेस्ट उरकायची आहे, दोन्हीला वर्ष होतंय. पुढचं गाव मेन किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये हवं असं रिक्रूटरला सांगून ठेवलंय, दोन्ही कॉम्पॅक्टमध्ये आहेत. तिकडे पानगळीच्या रंगांसाठी ऑक्टोबरमध्ये झुंबड उडते आणि खोल्या महागतात, म्हणून घरांची चौकशी आताच चालू केलीय. रजेच्या तारखाही लिहून पाठवल्यात; त्या छापून येईपर्यंत सही करणार नाही.